कडता कापून घेतलेली गाडी

मी एक जुनी, पांढरी, चार दारांची लहान मोटार आहे, आणि मित्रांनो, मला एका जागी उभं राहवत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं निम्मं आयुष्य उभं राहण्यातच गेलं. माणसं मोटार घेतात धावायला, आणि एकदा दारात आली की ती धावू नये म्हणून हरतऱ्हेची काळजी घेतात. हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही.

कारखान्यातून मी निघाले ती सुद्धा ट्रकच्या पाठीवर बसून. चार चाकं असून दुसऱ्याच्या चाकांवर आले, तेव्हाच पुढचं ओळखायला हवं होतं. सन चौऱ्याण्णवमध्ये वर्ध्याच्या प्रभाकररावांनी मला घेतलं. ते कॉलेजात शिकवत. त्यांनी माझ्या सीटवरचं प्लास्टिक कधी काढलं नाही. रविवारी मला पुसत, पोर्चमध्येच इंजिन सुरू करत, जरा घुरघुरू देत आणि बंद करत. माझी चाकं शिवशिवत, पण फाटक काही उघडत नसे. शेजारी म्हणत, "काय ठेवली आहे हो गाडी!" कौतुक होत होतं ते माझ्या उभं राहण्याचं. ते ऐकून माझे टायर बसल्या जागी तडकले.

प्रभाकरराव मुलाकडे पुण्याला गेले आणि मी ओमप्रकाश ठेकेदाराकडे गेले. तिथे धावायला मिळालं. मागच्या सीटवर सिमेंटची पोती, टपावर शिडी, आणि दिवसभर रस्ता. मी खूश होते. पण या गृहस्थाने माझं ऑइल डांबरासारखं काळं झालं तरी बदललं नाही. "चालून राह्यली ना? मंग?" हे त्याचं यंत्रशास्त्र. एकाने मला पुसून पुसून गंजवलं, दुसऱ्याने पळवून पळवून झिजवलं. पुढे त्याने मोठी जीप घेतली आणि मला ताराचंदच्या आवारात आणून सोडलं.

ताराचंद जुन्या गाड्या विकायचा. नागपूर रोडला कडुनिंबाच्या सावलीत आम्ही आठ-दहा जणी रांगेत उभ्या. तो आमच्या टायरांना काळं फासायचा, आरशाला अत्तराची कुपी लटकवायचा, आणि गिऱ्हाईक आलं की गाडीआधी गिऱ्हाइकाच्या चपला पाहायचा. गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अ‍ॅव्हरेज किती देते?" पांढरी पँट दिसली की ताराचंद अठरा सांगायचा, झिजलेली चप्पल दिसली की वीस. एक पेन्शनर रोज यायचे, सगळ्यांचं अ‍ॅव्हरेज विचारायचे आणि सायकलवर बसून घरी जायचे. कोणी टायरला लाथ मारून बघे, कोणी दार आपटून. हॉर्न सगळेच वाजवत. ब्रेक दाबून पाहणारा मात्र क्वचित. मी आतून तळमळत असे, की बाबांनो, निदान एकदा चालवून तर बघा!

सन दोन हजार तीनच्या दसऱ्याआधी सिंदी रेल्वे या गावचे मधुकरराव आले. कापसाचे व्यापारी. बरोबर बायको सुमित्राबाई, मुलगा धीरज आणि सून अंजू.

गाडी हवी होती अंजूसाठी. वर्ध्याजवळ सावंगीच्या एका दवाखान्यात तिला रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. सहा महिने कच्ची, मग पक्की. सकाळी आठला हजेरीचं रजिस्टर उचललं जाई, आणि सिंदीहून येणारी पॅसेंजर आपल्या लहरीने येई. मधुकररावांनी घरात सांगून टाकलं होतं, "भरवशाची गाडी भेटली तर कर नोकरी. नाई तं दुकानात बस." पैसे म्हणजे विकलेल्या स्कूटरचे, आणि अंजूने लग्नाआधी शिकवण्या करून साठवलेले. म्हणजे आवारात सगळे गाडी पाहत होते आणि अंजू आपली नोकरी पाहत होती.

धीरजचा जीव जडला माझ्या शेजारच्या लाल डिझेल गाडीवर. तिला मागे मोठे स्पीकर होते.

"बाबा, डिझेल स्वस्त आहे. अन् आवाज पाहा!"

"आवाजावर सावंगीले जाते का ते?" असं म्हणत मधुकररावांनी तिच्या बॉनेटवर हात ठेवला. "ताराचंदजी, हे काऊन गरम आहे?"

"ऊन लागलं, शेठजी."

"मंग बाजूच्या पांढरीले काऊन नाई लागलं? सकाळीच सुरू करून ठेवली न तुम्ही. थंडीची सुरू होत नसन."

ताराचंद हसला. पकडला गेला की तो छान हसायचा. लाल गाडी थंड होईस्तोवर सगळे चहाला थांबले. मग तिने सुरू होताना एवढा धूर काढला की सुमित्राबाईंनी पदर नाकाला लावला.

नंतर माझी पाळी. थंडीच होते, दुसऱ्या चावीला सुरू झाले. ताराचंदच्या मेकॅनिकने माझ्या टाकीची नळी काढून तिला लिटरभर पेट्रोलची बाटली जोडली. बाटली संपेस्तोवर जेवढं अंतर कापेन, तेवढं माझं खरं अ‍ॅव्हरेज. ताराचंद म्हणाला, "यात एकट्यानं बसायचं असते, शेठजी." मधुकररावांनी चौघांना बसवलं. "मी माल भरल्या बैलबंडीनं जोखतो, रिकाम्या नाई." किती दिवसांनी मला रस्ता मिळाला होता! पवनारच्या पुढे जाऊन, परत फिरून, बाटली कोरडी पडेपर्यंत मी सोळा किलोमीटर दिले. ताराचंदने सांगितलेल्या अठराचे सोळा झाले याचं मधुकररावांना वाईट वाटलं नाही. कोणी सांगितलेल्या आकड्यातून थोडं कमी झालं की त्यांना उलट बरं वाटायचं.

इथे सौदा पक्का व्हायला हवा होता. पण या माणसाला बाजारातली खोड होती. कापसाची गाडी आली की ते वरचा कापूस बघत नसत. कोपरापर्यंत हात खाली घालत, कारण वजन वाढवायला पाणी मारलेला माल तळाशी असतो. त्यांनी तसाच हात माझ्या नव्या चटईखाली घातला. हात ओला निघाला.

"ओला माल," ते म्हणाले, आणि धोतराला हात पुसत फाटकाकडे चालू लागले.

मित्रांनो, माझ्या आत काय झालं ते कसं सांगू! अंजूने पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि माझ्या समोरच्या काचेच्या कडेने धार धरली. मग आत वाकून पाहिलं. पाणी काचेच्या रबरातून टिपटिप गळत होतं. ती सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, रबर फाटलं आहे फक्त. पावसाचं पाणी आहे."

"ओलं ते ओलं, अंजू."

तेव्हा सुमित्राबाई बोलल्या. बाजाराच्या गोष्टीत त्या कधी तोंड घालत नसत. "अहो, ओला कापूस आला म्हणजे तुम्ही शेतकऱ्याले वापस पाठवता का? कडता कापता अन् माल घेता. मंग हिचाही कापा."

कडता म्हणजे ओलाव्यापोटी वजनातून करायची कपात. अख्खी सिंदी मधुकररावांच्या कडत्याला भिऊन होती. ते थबकले. वळले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून ताराचंद खुर्चीत खाली सरकला. रबराचा कडता, टायरांचा कडता, अठरा-सोळाच्या फरकाचा कडता. शेवटी ताराचंद कळवळला, "शेठजी, अत्तराची कुपी तरी ठेवून जा!" कुपी त्यांनी नेलीच.

अशी मी सिंदीला आले. काचेला नवं रबर बसलं, ऑइल बदललं, दसऱ्याला झेंडूची माळ पडली. धीरजने अंजूला चालवायला शिकवलं. म्हणजे तो ओरडायचा आणि ती शिकायची. मग रोज सकाळी केळझर, सेलू, पवनार, वर्धा, सावंगी. मला वाटलं, आता सुख आलं.

पण निवड शहाण्यासारखी करणारी माणसं पुढे काय करतात ते ऐका. माझं अ‍ॅव्हरेज मधुकररावांनी स्वतः मोजलं होतं. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. सोळाने भागलं की पाच. म्हणून रोज संध्याकाळी ते स्वतः पंपावर उभं राहून पाच लिटर टाकवत. थेंबभर जास्त नाही. "टाकीत पडलेलं पेट्रोल म्हणजे गोदामात पडलेला माल. फुकट पैसा अडकते."

अंजू एकदा म्हणाली, "मामाजी, दोन लिटर वरचे असू द्या न."

"काऊन? कुठं जायचं आहे वरचे दोन लिटर?"

माझा काटा कायम तळाला. टाकीच्या बुडाला साचलेला गाळ नळीत येऊ लागला. दोनदा मी वाटेत आचके दिले, दोनदा अंजूला उशीर झाला. लॅबच्या मोठ्या मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "तिसऱ्यांदा रजिस्टर उचललेलं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी यायचं कारण नाही." हे तिने घरी सांगितलं. मधुकरराव म्हणाले, "गाडीत काही खोट आहे." खोट गाडीत होती, पण ती पंपावर उभी राहून ठेवली जात होती.

डिसेंबर लागला. कापसाचा हंगाम. त्या सकाळी मधुकररावांना वर्ध्याला वकिलाकडे काम होतं, म्हणून ते मागे बसले. आदल्या संध्याकाळी पाच लिटर टाकल्यावर, धीरजला चालवायला बसवून ते कापसाचा भाव काढायला मला सेलूपर्यंत नेऊन आले होते; ते चाळीस किलोमीटर त्यांनी भागाकारात धरलेच नव्हते. गावाबाहेर निघालो आणि पाहतो तर कापसाच्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर रस्ताभर. सगळा माल बाजाराला निघालेला. पहिल्या गिअरमध्ये सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. माझं इंजिन तापलं, पेट्रोल जळत राहिलं आणि चाकं जागच्या जागी. मधुकरराव खिडकीतून मालाकडे कौतुकाने पाहत होते. त्यांचं पोट भरणारी रांग माझं पोट रिकामं करत होती, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

सेलू मागे टाकलं आणि पवनारच्या अलीकडे मी दोन आचके देऊन थांबले. अंजूने चावी फिरवली. पुन्हा फिरवली. काट्याकडे पाहिलं, आणि आरशातून सासऱ्यांकडे.

"संपलं, मामाजी."

"असं कसं संपन? पाच टाकले होते!"

मागून माणसं कोंबलेली काळीपिवळी जीप येत होती. अंजू रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, तिने हात केला, आणि मागच्या पायरीवर एक पाय टेकवून गेली. डबा सीटवरच राहिला. मधुकरराव रस्त्यात उभे होते, बोटांवर अजून भागाकार करत.

थोड्या वेळाने मोटारसायकलवर नत्थू आला. हा रोहण्याचा शेतकरी, मधुकररावांना दरवर्षी कापूस घालणारा.

"काऊन शेठजी, आज माल रस्त्यावरच मांडला?"

"पेट्रोल संपलं, नत्थू."

नत्थूने भुवया वर केल्या. मग गाडी लावली, आपल्या टाकीतून नळीने पेट्रोल ओढलं आणि दोन लिटरची बाटली भरून पुढे केली. बाटली गळ्याशी चांगली बोटभर रिकामी होती. मधुकररावांची नजर बरोबर तिथेच गेली.

"तेवढा कडता कापला, शेठजी," नत्थू गंभीरपणे म्हणाला. "हं, चालवा आता."

"मले चालवता येत नाई."

नत्थू इतका हसला की त्याला मोटारसायकलचा आधार घ्यावा लागला. "धीरजभाऊले पाठवू का?"

"नको. कोणाले सांगजो नको, बाप्पा."

मग सुरू झाला आम्हा दोघांचा दिवस. मला सोडून ते जाईनात. गाडी म्हणजे पैसा, आणि पैसा रस्त्यावर सोडायचा नसतो. बाटली मांडीवर घेऊन ते मागच्या सीटवर बसले. उठले. माझ्याभोवती फेरी मारली. पुन्हा बसले. बस आली की वर्ध्याकडे बघायचे. दुपारी ट्रॅक्टरवाले ओळखीचे निघाले, तर यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, उलटं. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "पोचली असन का?" माझ्याशी बोलले असतील तर उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी आम्हा दोघांनाही उभं राहणं सारखंच जड गेलं.

उन्हं कलली तेव्हा काळीपिवळीतून अंजू उतरली. केसांत धूळ, ओढणी चुरगळलेली. मधुकरराव घाईने बाहेर आले. विचारायचं ते विचारवेना.

"जेवली का?"

"डबा तं इथंच राह्यला न, मामाजी."

"तो म्या खाल्ला," ते म्हणाले, आणि मान खाली घातली. मग हळूच, "रजिस्टर?"

"शिपाई उचलूनच राह्यला होता. म्या धावत जाऊन हात घातला. अर्धी सही टेबलावर झाली, अर्धी त्याच्या हातात." तिला हसू आलं, आणि हसता हसता ती माझ्या दाराला टेकून रडली. मधुकरराव बाटली धरून उभेच होते. त्यांनी ती तिच्या हातात न देता स्वतः माझ्या टाकीत ओतली, एक थेंब न सांडता.

पंपावरचा माणूस आम्हाला ओळखत होता. "पाच न, शेठजी?"

"भर. वरपर्यंत."

त्याने पुन्हा विचारलं. मधुकररावांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. मग खिशातले उरलेले पैसे त्यांनी अंजूच्या पर्समध्ये टाकले. "उद्यापासून पेट्रोलचं मले विचारजो नको. तूच पाहात जाजो."

अंजूची नोकरी पक्की झाली. मीही आता गाळ गिळत नाही. वेळच्या वेळी ऑइल मिळतं, टाकी साफ होते, आणि मी सावंगीला आठच्या आत पोचते. मित्रांनो, जुनी गाडी घेताना तुम्ही खुशाल तिची खोड काढा, भाव पाडा, आम्हाला राग येत नाही. पण एकदा घरी आणली की तिच्या तोंडचं मोजू नका. तिच्या भरवशावर घरातलं कोणीतरी सकाळी बाहेर पडलेलं असतं.

आणखी एक विनंती आहे, पण ती फक्त मधुकररावांसाठी. त्या दिवसापासून त्यांनी चालवायला शिकायचं मनावर घेतलं आहे. दर रविवारी अंजू त्यांना शिकवते. ती ओरडत नाही, मीच ओरडते. शेठजी, हात जोडून सांगते, क्लच जरा हळू सोडा.