जावयाने आणलेला डबा

चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेक-जावई लेकीच्या माहेरी येतात ते रिकाम्या हातांनी नाही. शियांगताईच्या जावयाने यंदा नेहमीच्या दारूऐवजी इंजिन ऑइलचा चार लिटरचा सोनेरी डबा आणला.

"आई, माझ्या गाडीत हेच घालतो. तुमच्या तीनचाकीलाही जरा उंची तेल पाजा!"

शियांगताई माझी शेजारीण. खालच्या बागांतली संत्री मागच्या हौद्यात भरून चढावरून वरच्या रस्त्यापर्यंत नेते. दुसऱ्याच दिवशी तिने डबा गाड्या दुरुस्त करणाऱ्या तान मिस्त्रीपुढे ठेवला. त्याने तो उलटसुलट फिरवला आणि म्हणाला, "ताई, नेहमीचंच घालू या. माझ्याकडे आहे."

"जावयाचं तेल खुपतंय होय रे? तुझं खपवायचंय!"

मिस्त्रीने तिचंच तेल ओतलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी भरलेली तीनचाकी अर्ध्या चढावर अडली. इंजिन बोंबलत होतं, चाकं हलेनात. तीस टोपल्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याचा ट्रक निघणार होता. तोवर टोपल्या वर पोचल्या नाहीत, तर हंगामाचं काम पलीकडच्या गावातल्या लिऊला जाणार होतं.

"गुरुजी, मिस्त्रीने तेल बदललं," ताई मला म्हणाली. "ओतताना लेकीचा फोन आला, मी पाठ फिरवली. तेवढ्यात चांगलं काढून ठेवलं आणि स्वस्तातलं ओतलं."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. मिस्त्री त्या दिवसापासून नजर चुकवत होता. पण आधी तपासावं, मग बोलावं, हे मी चाळीस वर्षं वर्गात सांगत आलो. कोऱ्या कागदावर डब्यात उरलेल्या तेलाचा एक थेंब टाकला, शेजारी इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरचा एक. दुसरा थोडा मळकट, पण वास तोच, पसरण्याची तऱ्हाही तीच.

ताईचा चेहरा उतरला. "म्हणजे डबाच नकली? जावयाने मला..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. मिस्त्रीवरचा संशय सोपा होता, हा जड होता. लेकीला काय विचारणार?

डब्यावरचा चौकोनी कोड मी फोनवर तपासला. माल अस्सल निघाला.

आता कोणावर संशय घ्यायचा, तेच कळेना. शेवटी टोपल्या उतरवून आम्ही दोघांनी तीनचाकी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिनची बाजू उघडली. आतून क्लचच्या चकत्या निघाल्या, तेलाने निथळणाऱ्या.

"तेल चांगलंच आहे," तो म्हणाला. "म्हणूनच घसरतंय. मोटारीचा क्लच तेलापासून वेगळा, कोरडा असतो. आपला याच तेलात बुडालेला. मोटारीच्या तेलात जास्तीचं गुळगुळीतपण घातलेलं असतं. चकत्यांनी एकमेकींना धरायचं, तर त्या सुटतात. साबण लावलेल्या हातांनी दोर ओढा बघू!"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"एकदा बोललो, तर माल खपवणारा ठरलो. सणाच्या दिवसांत जावयाच्या भेटीला नावं ठेवणारा मी कोण?"

मिस्त्रीने चकत्या धुतल्या, सगळं तेल काढलं आणि फळीवरून लाल डबा उतरवला. त्यावर मोटरसायकलचं चित्र होतं, खाली इंग्रजीत 'एमए' अशी अक्षरं.

"ही दोन अक्षरं बघून घ्यायचं. तेलात बुडालेल्या क्लचला हेच चालतं."

ताईने डबा हातात घेतला, अक्षरं निरखली, झाकणाचं सील नखाने चाचपलं. मिस्त्रीने न सांगता कोरा कागद पुढे केला. तिने थेंब टाकला, हुंगला आणि मगच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली खेप चढाला लागली. तीनचाकी मध्ये जरा घुटमळली. ताईने वळून मागून चालत येणाऱ्या मिस्त्रीकडे पाहिलं, पुन्हा संशयाने, डोळे बारीक करून. मग चकत्यांनी पकड घेतली आणि संत्री वर निघाली. दुपारी ट्रक सुटायच्या बेतात होता, तेव्हा तिच्या तिसाव्या टोपलीवर ताडपत्री बांधली जात होती.

संध्याकाळी जावयाचा फोन आला, "आई, तेल कसं आहे?"

"फार उंची," ती म्हणाली. "उरलंय ते जपून ठेवलंय. पुढच्या खेपेला आलात की तुमच्याच गाडीत घालू."