कौलाच्या पोटातले धागे

मित्रांनो, माझ्या पोटात रॉकेल होतं तेव्हा लोक माझ्यासमोर रांगा लावत. मुलचेऱ्याच्या रेशन दुकानात मी आलो की बंगाली वस्तीतल्या बायका, डबे हातात घेतलेली माणसं, सगळी माझ्याकडे बघत उभी राहत. तुमच्या पुस्तकात मला पिंप म्हणतात. आमच्या झाडीपट्टीत मी साधा ड्रम. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही आणि कुणी विचारलंही नाही. पत्र्याचा जन्म, त्यात कौतुक ते काय असणार?

पुढे माझा तळ गंजला, रॉकेल झिरपू लागलं आणि दुकानदारानं मला मागच्या अंगणात लोटून दिलं. तिथं कोंबड्या माझ्यावर बसत. तिथून मला उचललं मन्सूरभाईंनी. मन्सूरभाई नागभीडचे, सिमेंटच्या जाळ्या, कुंड्या आणि कौलं बनवणारे कारागीर. त्यांनी छिन्नीनं माझं झाकण कापून काढलं, तळाला आतून सिमेंटचा थर दिला आणि नागभीडच्या रेल्वेफाटकाजवळ आपल्या कारखान्यात उभं केलं. कारखाना म्हणजे काय, चार खांबांवरचं छप्पर, भोवती विटांची भिंत आणि एक दार, वाळूचा ढीग आणि कौलांचे लाकडी साचे. पण तिथंच मला माझं खरं काम मिळालं.

ते काम समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सिमेंटचं पातळ कौल दिसायला छान असतं, पण वाळताना त्याला बारीक भेगा पडतात आणि माकडानं उडी मारली की त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून त्यात धागे घालायचे. आमच्याकडे दोरखंडाची अंबाडी मुबलक. मन्सूरभाईंनी अंबाडीचे धागे बोटाच्या पेराएवढे कापले आणि कोरड्या सिमेंटमध्ये टाकून बघितले. झालं काय, धाग्यांचे गोळे झाले. कौल नेमकं गोळ्याच्या जागी मोडायचं. मग तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रातले एक साहेब आले. त्यांनी सांगितलं, धागे आधी पाण्यात तरंगवा आणि ते पाणीच सिमेंटमध्ये ओता. नुसत्या पाण्यात धागे लगेच तळाला बसतात, म्हणून त्यात कागदाच्या गिरणीतला बांबूचा धुतलेला लगदा कालवा. लगदा धाग्यांना धरून ठेवतो. तेव्हापासून ते धाग्यांचं पाणी माझ्या पोटात राहू लागलं. पंच्याऐंशी साल असेल ते.

हे पाणी सांभाळायचं काम बायनाबाईचं. शेजारच्याच वस्तीतली ही बाई, हाताला सदा लगद्याचा वास. बांबूचा दांडा घेऊन ती मला तळापासून ढवळायची, वरवर हलवणं तिला खपायचं नाही. मग ओंजळभर पाणी उचलून बघायची. धागे शेवयांच्या खिरीसारखे सुटे सुटे दिसले की बादली भरू द्यायची. आणि तिचा एक नियम होता. नवं पाणी करायच्या आधी ती स्वतः माझ्यात उतरून मला वाळूनं घासायची. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. मला गुदगुल्या व्हायच्या, पण अभिमानही वाटायचा. रॉकेलच्या दिवसांत मला कुणी आतून पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्या वर्षी बायनाबाईच्या वस्तीत बुद्धविहाराच्या भिंती उभ्या राहिल्या. छप्पर टिनाचं करायचं असं बहुतेकांचं मत होतं. विहार समितीचे नानाजी, रेल्वेत गँगमन होते, जपून बोलणारे, त्यांचंही तेच मत. बायनाबाई मात्र सभेत उभी राहिली आणि म्हणाली की टिनाखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो, आमची धाग्याची कौलं घाला, बुद्धपौर्णिमेच्या आत छप्पर पुरं करून देतो. नानाजींनी मान्य केलं, पण बजावलं की नाही जमलं तर पुन्हा या कौलांचं नाव काढायचं नाही. म्हणजे बायनाबाईचा शब्द आणि मन्सूरभाईंचा कारखाना, दोन्ही त्या छपराला टांगले गेले.

तेवढ्यात मोहाचा हंगाम आला. आमच्याकडे मोहफुलं गळू लागली की गाव पहाटेच जंगलात जातं. शाळा ओस, बांधकामं बंद, आणि कारखान्यालाही कुलूप. मन्सूरभाई या दिवसांत कुणाला बोलावत नसत, कारण कुणी आलंच नसतं. कुलपाची किल्ली बायनाबाईच्या नवऱ्याकडे, देवरावकडे असे. कारखान्याची राखण तोच करायचा. देवराव वाईट नव्हता. गडी कष्टाळू, बोलायला गोड. पण दारू सोडल्याचं त्यानं वस्तीसमोर सांगितलं होतं आणि सोडली नव्हती. त्या हंगामात त्याला सुनी जागा आणि रिकामा ड्रम दोन्ही एकदम सापडलं. त्यानं टोपल्याभर मोहफुलं माझ्यात ओतली, पाणी घातलं आणि वर गोणपाट टाकलं. मी काय करणार? पोटात घेतलेलं बाहेर सांगायला आम्हाला तोंड दिलेलं नाही.

फुलं आंबायलाही लागली नव्हती, नुसता गोड रस सुटला होता, तोच मन्सूरभाई सकाळी अचानक दारात. नानाजींनी घाई केली होती म्हणून त्यांनी हंगाम संपायच्या आधीच काम काढलं होतं. ते साचे पुसायला छपराच्या पुढच्या बाजूला गेले आणि देवरावनं मला मागच्या भिंतीशी नेऊन उपडं केलं, एक बादली पाणी फिरवलं आणि जागेवर आणून ठेवलं. तळाच्या कडेला फुलांचा चोथा आणि गोड चिकटा तसाच राहिला. दुपारी बायनाबाई जंगलातून थेट कामावर आली, अंगाहाताला मोहाचाच वास. वाळू घेऊन माझ्यात उतरणार, एवढ्यात देवराव म्हणाला की ड्रम मी धुतला. नवऱ्यानं न सांगता काम केलं याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की तिनं वाळू खाली टाकली. संसारात अशी चूक होते, मित्रांनो. माणूस एकदाच विश्वास ठेवतो आणि नेमकी तीच वेळ असते.

गोड आणि सिमेंट यांचं हाडवैर आहे. मूठभर गूळ पडला तरी सिमेंट घट्ट व्हायचं विसरतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कौलं घातली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मन्सूरभाईंनी एका कौलावर अंगठा ठेवला, तो आत गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. सगळी कौलं साच्यावर ओल्या शेणासारखी पडून होती. धागे जागच्या जागी, भेग एक नाही, पण घट्टपणाही नाही. बायनाबाई साच्यांच्या मधून फिरत होती. मला फार वाईट वाटलं. तिनं इतकं ढवळलेलं पाणी आणि त्याची ही गत.

मन्सूरभाई माझ्यापाशी आले. माझ्यात वाकून त्यांनी तळाच्या कडेला बोट फिरवलं आणि एक फुगलेलं मोहफूल बाहेर काढलं. किल्ली कुणाकडे होती ते त्यांना माहीत होतं. त्यांनी फूल खिशात घातलं आणि मऊ कौलं साच्यांसकट कोपऱ्यात सरकवून त्यांवर ओलं गोणपाट पसरायला लागले. फेकून का देत नाही, असं बायनाबाईनं विचारलं. फेकायला काय, कधीही फेकता येतं, म्हणाले.

ते गेल्यावर बायनाबाईनं स्वतःच माझ्यात हात घातला, आणि हात नाकाशी नेला. मोहाचा वास झाडीतल्या बाईला कुणी सांगावा लागत नाही. देवराव विहिरीवरून पाणी आणत होता. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं बादली खाली ठेवली आणि पुन्हा विहिरीकडे निघून गेला, बादली न घेताच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

संध्याकाळी नानाजी समितीची चार माणसं घेऊन कारखान्यात आले. त्यांनीही अंगठा दाबून पाहिला. सोबतच्या एकानं बोलून टाकलं की सिमेंटमध्ये राख मिसळली असणार, दुसऱ्याच्या विहाराला कोण चांगला माल देतो? हे मन्सूरभाईंच्या तोंडावर बोलणं होतं आणि त्यातलं न बोललेलंही सगळ्यांना कळलं. नानाजींनी त्याला दटावलं नाही. त्यांनी मन्सूरभाईंना काय झालं ते विचारलं.

मन्सूरभाई म्हणाले, "सिमेंट जुनं निघालं, नानाजी. गलती माझीच हाये. तुमी टिन घाला."

देवराव भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. बायनाबाई माझा काठ धरून उभी होती. नवऱ्याची अब्रू गेली तर तिचीही जाणार होती. वस्तीतल्या बायका पाणवठ्यावर काय बोलतील, हे तिला माहीत होतं. आणि गप्प राहिलं तर काहीच करायचं नव्हतं, मन्सूरभाईंनी सगळं आपल्या अंगावर घेतलंच होतं.

"मन्सूरभाऊ, तुमी बसा," ती म्हणाली. "नानाजी, सिमेंट चांगलं हाये. या ड्रमात मोहा भिजत घातला होता. माह्या घरच्यानं. मी न धुता त्यात पाणी केलं."

मग नानाजी हळूच म्हणाले, "बाई, तू काय बोलून राह्यली, तुले समजते ना?"

"समजते. मन्सूरभाऊच्या नावावर खोटं घालून मले विहारात बसता येनार नाई."

देवराव उठला. मला वाटलं हा आता निघून जाणार. पण तो मधोमध आला आणि खाली बघतच म्हणाला, "बाई खरं सांगते. मीच घातला." एवढंच. मन्सूरभाईंनी खिशातलं फूल काढून भिंतीपलीकडे टाकलं. नानाजींनी बरोबरच्या त्या माणसाकडे पाहिलं, त्यानं मन्सूरभाईंना हात जोडले. पौर्णिमेला अजून दिवस होते. नवी कौलं घाला, असं सांगून नानाजी गेले.

पहाटे देवराव वाळू आणि चुना घेऊन माझ्यात उतरला. इतकं घासलं मला, की माझा जुना रॉकेलचा डागसुद्धा निघून गेला. बायनाबाई काठाशी उभी राहून बघत होती. मग ती स्वतः उतरली आणि पुन्हा घासलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. त्या दिवसापासून बांबूचा दांडा देवरावच्या हातात आला आणि ओंजळ भरून बघायचं काम तिच्याकडे राहिलं. दोघांमध्ये बोलणं मात्र बरेच दिवस कामापुरतंच होतं.

नवी कौलं दुसऱ्याच दिवशी घट्ट झाली. ती विहारावर चढत होती, तेव्हाची गोष्ट. मन्सूरभाईंनी कोपऱ्यातलं गोणपाट सहज उचललं, खालच्या एका जुन्या कौलावर बोटाची पेरं वाजवली, आणि कौल खणकन वाजलं. त्यांनी दुसरं वाजवलं, तिसरं वाजवलं. मोहाची धुंदी उतरली होती. ओलाव्यात झाकून राहिलेलं सिमेंट उशिरा का होईना, दगडासारखं झालं होतं. मन्सूरभाई एकावर उभे राहिले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी बायनाबाईला हाक मारली.

ती कौलाकडे बघत राहिली. मग वाळूच्या ढिगावर बसली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं.

"म्हनजे मी बोलली नसती, तरी चाललं असतं?"

मन्सूरभाईंनी हसू आवरलं. "कौलाचं चाललं असतं, बाई. माह्यं नसतं चाललं."

मित्रांनो, माझी तब्येत आता ठीक नाही. प्रशिक्षण केंद्रातले साहेब बदलून गेले, बाजारात कारखान्याचे पत्रे आले, धाग्याची कौलं मागणारे कमी झाले. माझ्या कडेला भोकं पडली आहेत, आणि पावसाळ्यात एखादा बेडूक मला आपलं घर समजतो. ती मोहाची कौलं मन्सूरभाईंनी विहारावर चढू दिली नाहीत. ती या कारखान्याच्या छपरावर आहेत, आणि अजून एकही फुटलेली नाही.

त्या वर्षीच्या पौर्णिमेच्या दिवशी मात्र मला विहाराच्या अंगणात नेलं होतं, हातपाय धुण्याचं पाणी भरून. नव्या छपराखाली वस्ती बसली होती, दारापर्यंत. मन्सूरभाई माझ्याजवळ उभे राहून येणाऱ्यांच्या हातावर पाणी घालत होते. आत पंचशील सुरू झालं. चार शीलं सगळ्यांच्या आवाजात गेली. पाचवं, दारू न पिण्याचं, त्यात देवरावचा आवाज इतरांपेक्षा उशिरा आला, जरा अडखळत, पण आला. बायनाबाईनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं फक्त डोक्यावरचा पदर नीट केला. मन्सूरभाईंच्या हातातला तांब्या तेवढा वेळ थांबला होता.

तुम्ही मोठे व्हाल, घरं बांधाल, तुमच्याही अंगणात माझ्यासारखा एखादा ड्रम असेल. त्याला आतून घासून ठेवा, पावसात उघडा टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण तुमच्या हातून कधी त्यात नको ते पडलं, तर दुसऱ्या कुणाचा अंगठा कौलात रुतायच्या आधी सांगून टाका. ड्रमाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.