भिंत आणि डोकं यांच्यातलं अंतर

पाठ वाकायला लागल्याचं शिंपीणबाईला आधी कापडानं सांगितलं. स्वतःसाठी शिवलेला झगा मागून वर चढायला लागला आणि पुढून लोंबायला लागला. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेली बाई ती. तिनं मागची दुमड उसवून कापड दोन बोटं खाली सोडलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

वर्षभरात मान इतकी पुढे आली, की गिऱ्हाइकाच्या तोंडाशी बोलायचं सोडून पोटाशी बोलायची पाळी आली. तेव्हा लेकीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"काकू, हाडं ठिसूळ झालीत. तीन मणके पुढच्या बाजूनं दबलेत."

"पण सरळ होईन ना मी?"

"आहे तेवढं राखू या. औषध सुरू करू, पट्टा बांधा, व्यायाम करा. जड काही उचलू नका."

तिनं मनात धरलं ते सरळ व्हायचंच. पट्टा बरगड्यांत रुतायचा, तरी ती हूं की चूं करायची नाही. रोज भिंतीला पाठ लावून उभी राहायची. डोकं काही भिंतीला टेकायचं नाही. मधलं अंतर नवरा दर रविवारी टेपनं मोजायचा. तीन महिने आकडा जागचा हलला नाही. मग एका रविवारी तो म्हणाला, "अगं, अर्धा इंच कमी झालं."

खोटं बोलतानाचा त्याचा आवाज तिला ओळखीचा होता.

"अंगठा न हलवता टेप इकडे द्या."

त्यानं टेपवरचा अंगठा सरकवला.

"अहो, खरं सांगा."

"वाढलंय," तो म्हणाला. "इंचभर."

तिनं पट्टा सोडला, घडी घातली आणि कपाटात टाकला. लेक रडली, भांडली, हातापाया पडली. नवरा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा. व्यायाम पुन्हा झाला नाही. महिन्याभरानं कापडाचा गठ्ठा उचलताना पाठीत कट्कन वाजलं आणि चौथा मणका गेला.

आता हनुवटी छातीला लागते. घास उतरत नाही, दोन पावलांत धाप लागते. शिलाईचं मशीन लेकीनं खोलीतून हलवलं. तिला त्याचा चेहरा दिसावा म्हणून नवरा तिच्यासमोर जमिनीवर बसून बोलतो. पण त्याचेही गुडघे गेलेत. फार वेळ बसवत नाही त्याला.