सात यार्डांवरून

भिकनने दातांनी काळा दोरा तोडला आणि हॉकी स्टिकला बांधलेला बिब्बा कपडे बदलायच्या खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला. नजर उतरावी म्हणून सुगंधाबाईने, त्याच्या आईने, तो सकाळी केव्हातरी गुपचूप बांधला असावा. बोटाला तेलाचा काळा डाग पडला होता. त्याने साबणाने हात धुतला, वास घेतला, पुन्हा धुतला.

हे हात धुणं अलीकडे वाढलं होतं. गेल्या वर्षी वाळूजच्या कंपन्यांच्या स्पर्धेत त्याने एकट्याने एकोणीस गोल केले होते; त्याचा खेळ बघायला माणसं पहिली पाळी संपवून बजाजनगरहून सायकली मारत यायची. आणि आता अकरा सामन्यांत एकही नाही. बिघाड कुठे होता हे त्याला नेमकं ठाऊक होतं. चेंडू मारण्याआधी उजवं मनगट निमिषभर थांबायचं, कुणाची परवानगी मागत असल्यासारखं. तेवढ्या वेळात समोरच्याची स्टिक आडवी यायची. जेवताना तोंडाशी येणाऱ्या त्या हाताकडे तो बघत नसे.

लोकांच्या दयेची तर त्याला शिसारी यायची. कंपनीच्या प्रेस शॉपमधली पोरं पूर्वी विचारायची, भिकनशेठ, आज किती गोल वाढायचे? आता तो आला की ती आवाज खाली आणत. कँटीनवाला न मागता चहात जास्त साखर घालायचा.

संघाचे व्यवस्थापक आप्पासाहेब यांनी काल त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. कंपनीचे मोठे साहेब आजचा सामना बघायला येणार होते. गोल झाला नाही तर सरावासाठी मिळणारी अर्ध्या दिवसाची सूट सोमवारपासून बंद, पूर्ण पाळी प्रेसवर. म्हणजे खेळ संपल्यातच जमा. हे सांगताना आप्पासाहेब त्याचा खांदा चोळत राहिले होते. काळजी करू नको, मी आहे, म्हणाले होते. आज त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर गुलमंडीहून आणलेले पेढे आणि कागदात गुंडाळलेला हार होता. भिकनने ते येतानाच पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

समोर शेजारच्या कंपनीचा संघ होता. त्यांचा गोलकीपर कडूबा हा भिकनचा क्रीडा वसतिगृहातला सोबती, एका ताटात जेवलेला. पूर्वार्धात भिकनच्या दोन संधी वाया गेल्या. सामना संपायला चार मिनिटं उरली तरी दोन्हीकडे शून्यच होतं. भिकन चेंडू घेऊन आत शिरला. कडूबा पुढे धावला आणि त्याचं पॅड भिकनच्या बुटाला नुसतं घासलं. भिकन पडलासुद्धा नाही. तरी शिट्टी वाजली.

पेनल्टी स्ट्रोक. गोलपासून सात यार्डांवर चेंडू, समोर एकटा गोलकीपर, मध्ये कुणीच नाही. गोलमागे एका बाजूला निंबाचं झाड होतं, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी.

कडूबा हातमोजा ठीक करायचं निमित्त करून जवळ आला.

"मी निंबाकडं पडतो. तू टाकीकडं ढकल," तो खाली बघत पुटपुटला.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या आप्पासाहेबानं. पंचांशी बी बोललेत. तुझ्यासाठी लई जीव तुटतो रे त्यांचा. आता तोंड वाकडं करू नको."

दुसऱ्याने चावलेला घास तोंडात कोंबला जावा तसं भिकनला झालं. त्याने मैदानाबाहेर पाहिलं. आप्पासाहेब हाराचा कागद सोडत होते. मोठे साहेब खुर्चीतून उठले होते. टाकीच्या बाजूचा कोपरा आत्ताच मोकळा दिसत होता, कारण कडूबाने सगळा भार निंबाकडच्या पायावर टाकला होता.

शिट्टी झाली.

मनगट थांबलं नाही. चेंडू जमिनीवरून हातभर उचलला गेला, सरळ रेषेत निंबाच्या बाजूला गेला आणि तिकडे आधीच आडव्या पडलेल्या कडूबाच्या छातीवर आदळला. कडूबाला तो चुकवायचा असता तरी चुकवता आला नसता.

आप्पासाहेबांनी हार पुन्हा कागदात गुंडाळला.

कडूबा माती न झटकताच उठला आणि रागाने भिकनजवळ आला.

"तुला सांगितलं व्हतं ना, मी निंबाकडं पडणार म्हणून?"

"व्हय," भिकन म्हणाला. "तिथंच मारला."