साठ मीटर मागे बाबा

मी एक दोर बोलतोय. पिवळा, साठ मीटर लांब. माझं एक टोक इंजिनाच्या विमानाला, दुसरं बिनइंजिनाच्या ग्लायडरला. वर पोचलं की ग्लायडर मला सोडतं आणि एकटं तरंगत राहतं. कौतुक त्या दोघांचं. मी आपला लोंबकळत घरी.

जर्मनीत, श्वेबियातल्या आमच्या पठारावर चाळीस वर्षं ते विमान आल्ब्रेख्तने चालवलं. अख्ख्या क्लबाला त्याने ढगांपर्यंत नेलं. यंदा सप्टेंबरअखेर त्याचा परवाना संपणार होता, आणि या वयात नवा मिळणार नव्हता. त्याला शेवटचं एकदा ग्लायडर उडवायचं होतं, आणि ओढून न्यायला लेकच हवी होती.

लेकीचं नाव गेझिने. वीस वर्षं ग्लायडर उडवणारी, म्हणजे कायम माझ्या मागच्या टोकाला. पुढचं टोक काही जमेना. ग्लायडर वर चढतं ते खालून येणाऱ्या ऊन हवेत गोल फिरत; ती लागली की विमानातही सवयीने हात वळायचा, मागे कोणी आहे हे विसरून. आमच्याकडे चुकेल त्याने रविवारी केक आणायचा. तिने सलग तीनदा आलुबुखाराचा आणला.

"चुकत राहा गं," म्हातारा म्हणायचा, "आमची चंगळ आहे."

सप्टेंबरचा शेवटचा रविवार उजाडला. पुढे ती एकटी, मागे तो एकटा, मध्ये मी. खाली सफरचंदांच्या बागा धुक्यात विरत होत्या. मलाही पेंग येत होती. तेवढ्यात ऊन हवा लागली आणि गेझिने गर्रकन वळली! मी सैल पडलो, माझं वेटोळं त्याच्या पंखाकडे सरकलं. आता हिसका बसला की मी तुटणार, आणि त्याचं शेवटचं उड्डाण तिथेच संपणार. मी खरंच घाबरलो.

रेडिओवर आवाज आला, अगदी शांत. "पोरी, मी मागे आहे."

तिने मागचं दाखवणाऱ्या आरशात पाहिलं. हळूहळू पंख सपाट केले. मी पुन्हा ताणला गेलो, हिसका न बसता.

सहाशे मीटरवर त्याने मला सोडायचं ठरलं होतं. सोडेना.

"बाबा, सोडा की आता."

"ने गं अजून थोडं. इतकी वर्षं मी नेलंय तुला."

आठशेला त्याने मला सोडायची मूठ ओढली. तो लांब जाऊन ठिपका होईपर्यंत तिची नजर आरशातच होती. मग ती वळली.

खाली चौथा केक तयार होता. तिने तो सकाळीच भाजून आणला होता.

आता माझे पीळ सुटलेत, नवा दोर आलाय. एकच मागणं आहे, मला फेकू नका. मैदानाकडेच्या बाकाला बांधा. रविवारी आल्ब्रेख्त तिथे वर बघत बसतो, आणि त्याच्या हाताला धरायला काही नसतं.