द्राक्षांच्या गावी सुमेधा

वाटेत दिसलेलं कुठलंही पान सुमेधा दोन बोटांत हलकेच चुरडायची, नाकाशी न्यायची, आणि त्या क्षणी तिच्या पापण्या अशा मिटत, जणू फार दूरवरून कुणी तिला नावाने हाक मारली आहे. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये ती माझी शेजारीण; आमच्या इमारतीत ती जिन्यावरूनच ओळखायची, आज कुणाकडे मेथी शिजते आहे आणि कुणाचं दूध खाली लागलं आहे.

फ्रान्समधलं एखादं जुनं, द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध असलेलं गाव पाहावं, ही तिची फार दिवसांची इच्छा. पण तिच्या अमेरिकन व्हिसाचं स्टँपिंग रखडलेलं. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येण्याची शाश्वती नव्हती. म्हणून दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात तिचा नवरा मिलिंद आम्हा दोघींना उत्तरेकडच्या एका गावी घेऊन गेला. फ्रान्समधून आलेल्या कुटुंबांनी फार पूर्वी वसवलेलं ते गाव. दगडी चर्च, दगडी तळघरं, आणि टेकड्यांवर रक्तवर्ण होत चाललेले वेल. ऊन सोनेरी होतं, पण त्यात ऊब नव्हती. खुडून रिकाम्या झालेल्या मळ्यांवर पक्ष्यांचे काळे थवे निःशब्द घिरट्या घालत होते.

गाडीचं दार उघडताच आंबणाऱ्या द्राक्षांचा दर्प अंगावर आला. "काय स्ट्राँग आहे यार," म्हणत मिलिंदने हसून नाक दाबलं. सुमेधा मात्र मान वर करून, कुलूप घातलेल्या घराच्या दाराशी कुणी थांबावं तशी उभी राहिली.

तळघरात लाकडी पिंपांच्या रांगा काळोखात विरत गेल्या होत्या. म्हाताऱ्या मालकाने तिच्यापुढे ग्लास धरला. तिने तो नाकाशी नेला, पण पापण्या मिटल्या नाहीत. मिलिंद पुढे गेल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"तुला येतोय वास?"

"हो. तुला नाही?"

"कशाचाच येत नाही. महिना झाला. परवा फोडणी करपली, ती धूर दिसला तेव्हा कळली."

"मिलिंदला सांगितलंस?"

"सर्दी आहे म्हटलं त्याला. तू सांग ना, कसा आहे हा वास?"

मी शब्द शोधत राहिले. आंबोळीच्या पिठात गूळ विरघळावा तसा, म्हटलं. त्याखाली ओल्या लाकडाचा, आणि अगदी तळाशी गंजल्या लोखंडाचा. ती एकाग्र होऊन ऐकत होती, आणि तो काळोख आमच्याच दिशेने सरकत असल्यासारखं मला वाटत होतं.

"आजच सांग त्याला," मी म्हटलं.

"गाडीत सांगते."

परतताना खाडीवर धुकं उतरत असताना तिने सांगितलं. मिलिंदने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

लगेचच स्कॅन झालं. कपाळामागे गाठ होती, गंधाच्या नसांवर दाब देत वाढलेली. शस्त्रक्रिया झाली, गंध परतला नाही. काही महिन्यांनी गाठ पुन्हा वाढली. मग एकेक करून शब्द जाऊ लागले, मग माणसांची नावं, त्यात माझंही. पुढचा शरद यायच्या आत ती गेली, आणि मिलिंद पुण्याला परतला.

हल्ली सुमेधाचा चेहरा डोळ्यांपुढे यायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात ती कुठे असते ते मला ठाऊक नाही, पण दर वर्षी तो क्षण किंचित लांबतो आहे.