न बोलणारा माणूस पाहिजे

मोहिनीच्या पायाला भिंगरी होती, आणि पुण्याच्या फिल्म स्कूलमध्ये गेल्यावर ती कॅमेऱ्यालाही लागली. माहितीपट शिकायला गेलेली ही पोरगी कॅमेरा एका जागी ठेवेल तर शपथ! माणूस दिसला की धाव त्याच्याकडे, पाखरू उडालं की फिरव तिकडे. सरांनी दोनदा काम परत केलं. मग निक्षून सांगितलं, "काम करणारा एक माणूस, दहा मिनिटं, एकच शॉट. कॅमेरा हलवायचा नाही. त्यानं तुझ्याशी बोलायचं नाही, तूही त्याच्याशी नाही. या खेपेला जमलं नाही, तर माहितीपटाचा नाद सोड."

आता तिच्या गावात, निरगुडसरात, न बोलणारा माणूस आणायचा कुठून? सरूबाई खुरपणी टाकून नवी साडी नेसून आली. चांगदेवनं चालता ट्रॅक्टर बंद करून विचारलं, "कंच्या चॅनलला लागणार हाय, ताई?" मोहिनी नखं खात गावभर फिरली.

मग तिला आबा आठवले. तिचे वडील, बाळासाहेब. अवसरीच्या कॉलेजातलं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून ती फिल्म स्कूलला गेली, तेव्हापासून वर्षभर त्यांनी अबोला धरला होता. काही सांगायचंच झालं तर आईला सांगायचे, तेही मोहिनी समोर बसलेली असताना. "तिला म्हणावं, च्या निवतोय." तिला हे इतकं लागायचं, की सुट्टीतही ती घरी टिकत नसे. आईनं शॉटची अट आबांच्या कानावर घातली, तर म्हणाले, "तिला म्हणावं, आपल्याला जमंल."

दुपारी आबा कांदा साठवायच्या बराखीच्या सावलीत कांदे निवडायला बसले. चांगला कांदा एकीकडे, सडका एकीकडे. मोहिनीनं समोर उन्हात कॅमेरा लावला आणि त्याच्याच शेजारी बसली. हात नुसते शिवशिवत होते. आबांच्या बोटांवर जावं, मागच्या शेळीवर जावं, काहीतरी करावं. शेवटी तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आबा मान वर करीनात. शॉट असा जमत होता, की सरांनीही तोंडात बोट घालावं. आणि तो जमतोय आबांच्या रागामुळे, या विचारानं तिला रडूही येत होतं.

शेवटचं मिनिटभर राहिलं असेल.

"मोहिने," आबा कांद्याकडे बघतच म्हणाले, "उनात नको बसू. इकडं सावलीत ये."

मान खालीच होती, तेवढा आवाज नंतर पुसता आला असता. पण ओ द्यावी तर शॉट गेला. न द्यावी, तर आबा पुन्हा तोंड उघडतील याचा काय भरवसा?

"आले, आबा."

रेकॉर्डिंगचा लाल दिवा तसाच चालू ठेवून ती कॅमेऱ्यासमोरून गेली आणि त्यांच्याजवळ बसून कांदा निवडू लागली. घाईत एक सडका चांगल्यात पडला. आबांनी तो मुकाट्यानं उचलून बाजूला टाकला. मग त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं, आणि ते ओशाळले.

"तुझं काम बिघडलं का गं?"

"बिघडलं."

"मंग उद्या परत काढ. मी आजिबात बोलणार न्हाई."

मोहिनीनं त्यांचा मातीनं भरलेला हात घट्ट धरला.

"नको, आबा. तुमी बोला."